कोशात नसलेलं रान

हेरलेकर सरांना जाऊन वर्ष होत आलं म्हणून त्यांचे विद्यार्थी एक स्मरणिका काढताहेत. त्यातले दोघं परवा घरी आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, सरांविषयी चार चांगले शब्द लिहून द्या." मी म्हटलं, चार कशाला, माझ्याकडे एकच शब्द आहे, आणि तोही सरांनीच खोडलेला. दोघं हसले. त्यांना वाटलं बाईंनी विनोद केला. बसा म्हणावं हसत! मी हे त्यांच्या स्मरणिकेसाठी लिहीत नाही. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलं होतं, ते आता बाहेर काढते आहे.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आमची आई म्हणायची. मान्य. पण एक दिवस सोडला, तर सर धडधाकट होते तेव्हा मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. मग बोलायचं कधी?

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या कॉलेजात बी.ए.ला भूगोल घेणारे आम्ही अकरा जण, दहा मुलगे आणि मी. आज ज्याला पर्यावरण म्हणतात आणि ज्याच्यावर चौथीतली पोरंसुद्धा निबंध लिहितात, तो शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. सर 'नैसर्गिक परिस्थिती' म्हणत. जमीन, पाणी, हवा आणि त्यांच्यामुळे घडणारा माणूस हा आमचा विषय, आणि हेरलेकर सर त्यातले मोठे जाणकार, असं सगळे म्हणायचे. वासरात लंगडी गाय शहाणी. कॉलेजात भूगोलाचा दुसरा प्राध्यापकच नव्हता.

दिसायला मात्र गडी रुबाबदार. काळा कोट, सरळ टोपी, कोटाच्या वरच्या खिशात तांबडी पेन्सिल, आणि बूट असे चकचकीत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. भूगोलाच्या माणसाच्या बुटाला कधीच माती लागत नाही, हे मला पहिल्याच वर्षी खटकायला हवं होतं. नकाशांच्या खोलीत एक भला मोठा पृथ्वीगोल होता. सर तो रोज स्वतःच्या रुमालानं पुसत आणि कुणाला हात लावू देत नसत. एकदा मी जपान शोधायला म्हणून तो जरा वळवला, तर मागून आवाज आला, "कुमारी माने, पृथ्वी फिरवण्याचं काम तुमच्याकडे दिलेलं नाही."

"भूगोल डोळ्यांनी नव्हे, डोक्यानं शिकायचा असतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. डोळ्यांशी त्यांचं वैरच होतं म्हणा. हेरलं हे त्यांचं मूळ गाव, कोल्हापुरातून सायकल मारली तर तासाभरात येतं. एका मुलानं विचारलं, "सर, हेरल्याची जमीन काळी की तांबडी?" सर म्हणाले, "ग्रंथालयात जिल्ह्याची माहिती देणारा ग्रंथ आहे, त्यात बघा." पण लंडनजवळच्या चुनखडीच्या टेकड्यांवर तेच गृहस्थ दोन तास बोलायचे. तिथे तरी कुठे गेले होते!

त्यांच्या टिपणांची वही पिवळी पडून कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. त्या वहीत एक सिद्धांत होता: थंड हवेतला माणूस उद्योगी, उष्ण आणि दमट हवेतला माणूस आळशी. हा तास नेमका चैत्रात दुपारी दोनला यायचा. सर घरून जेवून, पान खाऊन येत, खुर्चीवर बसून वाचायला लागत, आणि 'उद्योगी' या शब्दापर्यंत पोचता पोचता त्यांची हनुवटी कोटाला टेके. त्याच वेळी आमचे शिपाई दस्तगीरमामा खालच्या आडावरून खांद्यावर घागरी घेऊन वरच्या मजल्यावरचा माठ भरत असायचे. तिसऱ्या फेरीला मामा दाराशी थांबायचे, सरांकडे बघायचे आणि पाय न वाजवता पुढे जायचे, साहेबांची झोप मोडू नये म्हणून.

सरांना उलटा प्रश्न विचारायची छाती एकाचीच होती. तुकाराम गावडे. चंदगडच्याही पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीचा. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होतं, पण तुकाचे लांबचे मामा कोल्हापुरात होते म्हणून तो शिकायला इकडे आला. अंगानं काटकुळा, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारल्यासारखा. त्या आळशी माणसाच्या तासाला तो उभा राहिला.

"सर, आमच्यात ऐन मे महिन्यात माणसं तांबडं फुटायच्या आधी डोंगरावर जात्यात. पालापाचोळा नेऊन जमीन भाजत्यात. मग ती आळशी कशी?"

सर जागे झाले. "ते अपवाद."

"सगळी वाडीच अपवाद हाय सर?"

"तर मग," सर वही मिटत म्हणाले, "तुमची वाडी चुकीच्या ठिकाणी आहे."

वर्ग हसला. मीही हसले. तुका हसला नाही.

आता पावसाचं ऐका. कॉलेजच्या गच्चीवर पर्जन्यमापक होतं. रोज सकाळी आठला त्यातलं पाणी मोजून नोंदवहीत लिहायचं आणि खाली सरांनी सही करायची, असा नियम. सर गच्चीवर कधी चढले नाहीत. मामाच मोजायचे, मामाच आकडा लिहायचे. मला एकदा म्हणाले, "पोरी, सायेब पुस्तकात पाऊस बघत्यात, म्या बाटलीत बघतो. आपापली नोकरी हाय." एका आषाढात मामा पुतणीच्या लग्नाला मुरगूडला गेले आणि पावसानं अडकून चार दिवस तिकडेच राहिले. इकडे पंचगंगेला पूर, अर्धी गंगावेस पाण्यात, आम्ही साड्या गुडघ्यापर्यंत धरून कॉलेजात येतोय. मामा परत आले, त्यांनी वही उघडली. चारही दिवसांसमोर सरांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, 'निरंक'. मामांनी भीत भीत विचारलं, तर सर म्हणाले, "तुम्ही मोजलं नाही, म्हणजे नोंद नाही. नोंद नाही, म्हणजे पाऊस नाही."

आम्ही हा किस्सा कैक दिवस पुरवून पुरवून हसलो. पाऊस काय, पाच दिवसांनी ओसरला. पण असला माणूस उद्या कुणाच्या जमिनीबद्दल लिहायला बसला तर काय होईल, हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही.

शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात सरांनी चंदगड भागाची पाहणी काढली. जमीन कशी वापरतात ते गावोगाव फिरून लिहायचं आणि त्याचा मोठा नकाशा करायचा. मला नेलं नाही. घरचे सोडणार नव्हतेच, पण सरांनी त्याआधीच सांगून टाकलं, "मुलींनी डोंगर चढू नये. मुलींनी नकाशा रंगवावा." मुलगे गेले. सर सहा दिवस चंदगडच्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून बसले. मुलांना जोडीजोडीनं वाड्यांवर पिटाळायचं, संध्याकाळी त्यांच्या वह्या तपासायच्या, आणि मधल्या वेळात फणस खायचा. चौथ्या दिवशी फणस बाधला, ती तेवढीच त्यांच्या अंगाला लागलेली नैसर्गिक परिस्थिती.

तुकाच्या वाट्याला त्याचीच वाडी आली. तिथे डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकते. दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं, की माती थकते. मग तो तुकडा तीन-चार वर्षं तसाच सोडायचा आणि शेजारच्या तुकड्यावर जायचं. सोडलेल्या तुकड्यावर झुडपं वाढतात, पाला पडतो, माती पुन्हा जोर धरते, मग फिरून तिथे यायचं. आजा-पणजापासून हेच. कुठला तुकडा कुठल्या घराचा आणि कधी उठणार, हे वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक. अशा झोपवलेल्या जमिनीला त्यांच्यात एक शब्द होता, 'निजरान'. निजलेलं रान. तुकानं वहीत तो तसाच लिहिला. वाडीच्या वरच्या सगळ्या उताराभोवती एक रेघ ओढली आणि आत लिहिलं, निजरान.

सरांनी व्हरांड्यात बसून तांबडी पेन्सिल काढली, शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'निर्जन'.

तुका म्हणाला, "सर, तसं न्हाय. निजरान म्हंजे रान निजवलेलं असतंय. दोन वर्सांनी उठवायचं."

"गावडे, असा शब्द कोशात नाही."

"आमच्यात हाय की सर."

"तुमच्यात तर 'न्हाय' पण आहे. ते लिहू का नकाशावर? शुद्ध लिहायला शिका. निर्जन, म्हणजे जिथे माणूस नाही."

हे मला तुकानंच कोल्हापुरात आल्यावर सांगितलं. त्याची वही माझ्यापुढे होती, कारण सगळ्या वह्यांवरून नकाशा उतरवायचं काम माझ्याकडे होतं. तो टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "माने, तू तरी निजरान लिही. कोण बघतंय?" मी म्हटलं, सर बघतील ना. प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्या हातात, आणि माझ्या बापानं मला अटीवर शिकायला घातलं होतं: पहिला वर्ग मिळाला तर पुढे, नाहीतर लग्न. मी टाक उचलला, काळ्या शाईत बुडवला आणि ट्रेसिंगच्या कापडावर, त्या अख्ख्या उतारावर, अक्षरं ऐसपैस पसरून लिहिलं: नि र्ज न. माझं अक्षर चांगलं होतं. जळो मेलं ते अक्षर!

नकाशा सुंदर झाला. सरांनी तो छापून घेतला, खाली फक्त स्वतःचं नाव घातलं. मुलांचे पाय, माझा हात आणि आयत्या बिळावर नागोबा. कॉलेजात प्रकाशनाला भाषणं झाली, हार पडले. सर म्हणाले, "या कामासाठी मी चंदगडचे डोंगर पायाखाली घातले." दस्तगीरमामा मागे सतरंजी गुंडाळत होते. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "या अल्ला."

मला पहिला वर्ग मिळाला. मी इथल्याच एका शाळेत शिक्षिका झाले, तुका त्याच्या भागात प्राथमिक शाळेत लागला. पुढे भाषावार प्रांतरचना झाली आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात आलं. जुने कागद बेळगावला, नवीन कचेऱ्या कोल्हापूरला, अशी सगळी धांदल. त्यातच डोंगर उघडे पडताहेत, झाडं लावा, म्हणून एक समिती निघाली. झाडं कुठे लावायची? जिथे शेती नाही, माणूस नाही तिथे. ते कुठे आहे हे कसं कळणार? तर प्राध्यापक हेरलेकरांचा छापील नकाशा आहे ना! सर समितीवर तज्ज्ञ म्हणून गेले. उंटावरचे शहाणे तसेही खाली उतरत नसतात.

श्रावणात एका रविवारी तुका आणि त्याचे वडील माझ्या दारात उभे राहिले. वडील धोतर, घोंगडं, अनवाणी. वाडीच्या वरच्या उताराला तारेचं कुंपण पडणार, अशी नोटीस आली होती. उतार गेला की नाचणी गेली, आणि खाली भात पिकवायला वाडीला जेमतेम चार पाणथळ पट्ट्या. बाकी वर्षभर खायचं काय? हरकत घ्यायला महिनाभर होता. "सरांनी एक ओळ लिहून दिली तर भागतंय," तुका म्हणाला. "नकाशातला शब्द चुकलाय, एवढीच. तू चल. लिहिणारी तूच होतीस."

गेलो तिघं राजारामपुरीत सरांच्या घरी. त्यांनी आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या. तुकाचे वडील उंबऱ्याजवळ उभे राहिले ते उभेच. तुकानं लिहून आणलेला अर्ज पुढे केला. सरांनी चष्मा लावला आणि वाचता वाचता हात खिशाकडे गेला. पेन्सिल निघाली. 'जमिन' चं 'जमीन' केलं. 'विनंति' ची वेलांटी दीर्घ केली. 'पिढ्यान पिढ्या' जोडून टाकलं. पान तांबडं करून परत दिलं आणि म्हणाले, "गावडे, शिक्षक झालात, पण शुद्धलेखन काही सुधारलं नाही तुमचं."

"सर, आणि ती ओळ?"

"कसली ओळ? छापलेला नकाशा आहे तो. समितीनं स्वीकारलाय. आता मी म्हणू की मला मराठी येत नाही?"

तेव्हा उंबऱ्यातून तुकाचे वडील बोलले. "सायेब, तुमास्नी मराठी येतंय की. आमची जमीनच तेवढी येत न्हाय. एकडाव येऊन बघून जावा. लांब न्हाय, आमी पाठीवर बसवून न्हेतो."

सर म्हणाले, "बघू." आणि ते खरंच बघायला निघाले. स्वतःहून नव्हे. हरकत आली म्हणून कचेरीतल्या साहेबांनी जागेवर पंचनामा ठेवला आणि सरांना बोलावलं. मी शाळेतून रजा काढली, घरी खोटं बोलले, आणि गडहिंग्लजवरून जाणारी एस.टी. धरली. जीव आनंदून गेला होता माझा. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? डोळ्यांनी बघितल्यावर तरी माणूस कसा नाही म्हणेल?

भाद्रपदाची अखेर होती. वाडीच्या वर चढून गेलो तर तोच उतार, ज्याच्यावर मी शाई पसरली होती, खालपासून वरपर्यंत नाचणीनं भरलेला. निजलेलं रान उठलं होतं. कणसं मुठी वळून उभी. बायका आत निंदत होत्या, पाखरं हाकलायला माच बांधलेली, बांधावर एक तान्हं पोर टोपलीत झोपलेलं. मी पहिल्यांदाच बघत होते ते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

सर दमून वर आले. बुटाला चिखल लागला म्हणून आधी गवतावर पाय घासले. साहेब बिचारा भला माणूस. तो म्हणाला, "सर, इथं तर पीक उभं आहे."

सरांनी पिकाकडे बघितलं. मग छत्री तुकाच्या हातात दिली, नकाशा उलगडला आणि त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नकाशा तीन वर्षांपूर्वीचा आहे," ते म्हणाले. "तेव्हा ही जागा निर्जन होती. म्हणजे हे पीक नंतरचं. अतिक्रमण आहे हे."

मी पुढे झाले. म्हटलं, "सर, वहीत शब्द निजरान होता. तुम्ही खोडलात आणि मी तुमचा शब्द लिहिला. माझी चूक आहे, साहेब, माझी पण लिहून घ्या."

"कुमारी माने, तुम्ही पाहणीच्या वेळी या जागी आला होता?"

"नाही."

"मग झालं तर."

"आणि तुम्ही आला होता, सर?"

त्यांना ऐकूच गेलं नाही. ते साहेबांकडे वळून म्हणाले, "लिहा." साहेबानं आमच्याकडे बघितलं, नाचणीकडे बघितलं, आणि तज्ज्ञ सांगताहेत म्हणून लिहिलं. पुढच्या पावसाळ्याआधी तार पडली. वाडीतली निम्मी घरं गिरण्यांच्या वाटेनं मुंबईला गेली, तुकाचे वडील त्यात होते. तुकानं मला पुन्हा पत्र लिहिलं नाही, आणि लिहावं असं मी त्याच्यासाठी केलं तरी काय होतं?

सरांना मी नंतर पाहिलं नाही. स्मरणिकेसाठी त्यांचा फोटो निवडला आहे म्हणे, शालीतला. माझ्याकडे जो आहे तो निराळा. पंचनामा लिहून होईपर्यंत ऊन चढलं होतं. तुकाची आई वाटेवरच्या खोपीतून आली. काय चाललंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की लेकाचे गुरुजी शहरातून चालत आलेत. तिनं गेल्या सालच्या नाचणीची आंबील केली होती, ताक आणि लसूण घालून. "घ्या वो गुर्जी, उन्हाचं आलायसा," म्हणून तिनं पहिला वाडगा सरांना दिला. सर बांधावर बसले आणि उभ्या पिकाकडे पाठ करून त्यांनी तो सगळा संपवला. साहेबानं कागद पुढे धरला. 'सदर क्षेत्र मूळचे निर्जन', असं त्यावर लिहिलेलं होतं. सरांनी गुडघ्यावर घेऊन सही केली, रुमालानं ओठ पुसले, आणि रिकामा वाडगा त्या बाईपुढे धरून म्हणाले, "बाई, आणखी आहे का थोडी?"

"हाय की," ती म्हणाली, आणि तिनं काठोकाठ वाढली.